वाफेनं नेम मोडत नाही

६ जुलै, रविवार. देवशयनी एकादशी

मानसीच्या बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. दुजोरा खुद्द मानसीचा, सकाळी पुण्याहून फोनवर. तिच्या डॉक्टरीणबाईंनी कालच्या सोनोग्राफीत पाहिलं. पहिल्या वाक्यात बातमी आणि ती कुणी सांगितली, ही सवय डायरीतही सुटत नाही. हिंदी दैनिकाच्या शहर-पानावर इतकी वर्षं दुसरं केलंय काय मी?

मागे दोनदा चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला चौथा पार पडला. फोन ठेवल्यावर मधुकर बराच वेळ देवघरात बसून होते. मग त्यांनी तात्यांना बोलावणं पाठवलं. तात्या आमचे घरचे उपाध्ये. शिप्रेच्या राम घाटावर बसतात, वयानं मधुकरांच्या बरोबरीचे.

"चातुर्मासाचा नेम धरायचाय," मधुकर म्हणाले. "कार्तिकीपर्यंत सिगारेट बंद."

तात्या हसले. "लोक वांगं सोडतात, कांदा सोडतात. तुम्ही एकदम किल्लाच देऊन टाकला, मधुकरराव."

"लेकीसाठी आहे, तात्या. वांग्यानं काय होतंय?"

हातावर पाणी सोडून संकल्प झाला. कॉलेजात असल्यापासून ओढतायत हे. लग्नात सप्तपदी आणि जेवणाच्या मध्ये गच्चीवर जाऊन आले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर तर गच्ची हेच ऑफिस झालं. मी कधी भांडले नाही, भांडून काय झालं असतं. आज त्यांनी उरलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते कचऱ्यात टाकलं. तात्या दक्षिणा घेऊन उठले आणि फाटकाबाहेर उभं राहून शांतपणे बिडी ओढून मग गेले.

१५ जुलै, मंगळवार

नेम अजून शाबूत आहे. मी स्वतः पाहते आहे, आणि तो पाहणं सोपं नाही. दुधाचं पातेलं उतू गेलं म्हणून मधुकर माझ्यावर ओरडले; इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नंतर तासभर बेसिनपाशी उभं राहून तेच पातेलं घासत होते.

संध्याकाळी हर्षल आला, बंगळूरहून. ऑफिसच्या कामानं बाहेरदेशी गेला होता, तिथून बाबांसाठी जोडी घेऊन आला आहे. पेनासारखी दोन. ओढलं की टोकाला दिवा लागतो आणि तोंडातून पांढरं निघतं.

"बाबा, हे पेटत नाही. तंबाखू नाही, राख नाही. नुसती वाफ."

"अरे, यावर बंदी आहे," मी म्हटलं. बंदीची बातमी तेव्हा माझ्याच हातून पानावर गेली होती.

"आई, विकण्यावर आहे. घरात कोण बघतंय?"

मधुकर पेन हातात धरून बसले, पण ओठाला लावेनात. नेम मोडत असेल तर नको, म्हणाले. शेवटी तात्यांना फोन करून बोलावलं. तात्यांनी पेन नाकाशी नेलं, उलटसुलट केलं, एक झुरकाही घेतला.

"गोड आहे की! विस्तव आहे यात?"

"नाही."

"राख पडते?"

"नाही."

"मग धूम्रपान कुठलं? धूर विस्तवाचा. ही पाण्याची वाफ. कुकरची शिट्टी झाली तर एकादशी मोडते का वहिनी?"

सगळे हसलो. मीही. मधुकरांनी देवाला हात जोडले आणि मग ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना बघून मला हर्षलचं कौतुक वाटलं.

३ ऑगस्ट, रविवार

मानसीचं वजन वाढलंय, साखर ठीक आहे, जावयांचा निरोप.

घरात बरं चाललंय. पूर्वी सिगारेटसाठी गच्चीवर जायचे, आता माझ्याशेजारी बसून टीव्ही बघतात. पेन हातातच असतं. पूर्वी सिगारेट संपायची आणि उठावं लागायचं, ही वाफ संपत नाही, त्यामुळे उठणंही नाही. मधूनमधून निळा दिवा लागतो, विझतो. घरभर आंब्याचा वास, खऱ्या आंब्याचा नाही, गोळीतल्या.

हर्षलनं दिलेला, पेनात भरायचा रस संपला. टावर चौकातल्या गल्लीत मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे मिळतो म्हणून स्वतः जाऊन आणला. बाटलीवर कंपनीचं नावच नाही. "निनावी मजकूर आम्ही छापत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर मी ओढतोय, छापत नाहीये," म्हणाले. जोडीतलं दुसरं पेन कपाटात दिसलं नाही. विचारलं तर म्हणाले, असेल कुठेतरी.

रोज रात्री जेवायच्या आधी मानसीला फोन करतात. "बेटा, तुझा बाप अजून पक्का आहे," हे वाक्य ठरलेलं. ती तिकडून रडते की हसते ते कळत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपती दीड दिवसाचे, आज गेले. काल आरतीत मधुकरांचा आवाज मध्येच तुटला. दरवर्षी घालीन लोटांगण हेच उचलतात, इतक्या वरच्या पट्टीत की शेजारचे शर्माजी गॅलरीत येतात. काल दोन ओळींवर खोकला आला आणि खाली बसले. टाळ माझ्या हातात दिले.

आठवडाभर खोकताहेत. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळा रस्ता खणून ठेवलाय, धूळ घरात पिठासारखी बसते. परवाच आम्ही त्यावर अर्धं पान दिलं. धूळच असणार. सिगारेट असती तर तिच्यावर ढकललं असतं, पण आता तर तीही नाही.

जेवणही कमी झालंय. उपासांमुळे असेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ताप एकशे एक. मोजला मी. कालपासून दोनदा उलटी झाली, पोटात ढवळतंय म्हणतात. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, व्हायरल चाललाय, घरोघर तेच. गोळ्या दिल्या, वाफारा घ्यायला सांगितला.

मधुकर झोपल्या जागेवरून हसले. "वाफारा तर मी दिवसभर घेतोच आहे."

२० सप्टेंबर, शनिवार

मधुकरांना माधव नगरमधल्या एका खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, दुजोरा डॉ. निहारिका यांचा, त्या छातीच्या डॉक्टर आहेत. वयानं मानसीएवढ्या. माहेरचे लोक इथलेच मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठी, नर्सशी हिंदी, दोन्ही एका श्वासात.

"काकू, काका सिगारेट पितात?"

"पीत होते. देवशयनीपासून सोडली. एकसुद्धा नाही." मी जरा मान वर करूनच सांगितलं.

"अरे वा! एकसुद्धा नाही, पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी लिहून घेतलं. न्यूमोनिया धरून औषधं चालू केली. मधुकर मास्कमधून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं अभिमानानं बघताहेत.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

फरक नाही. स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत पांढुरकं पसरलंय, डॉ. निहारिकांनी पडद्यावर दाखवलं. काचेवर दहिवर जमावं तसं.

दुपारी भेटीच्या वेळात मधुकरांनी मास्क बाजूला केला. "ते पेन आणि बाटली घरातून काढ. शिप्रेत सोडून ये."

"आत्ता? कशाला?"

"शंका नको. आज पितरांचा दिवस आहे."

बाकी सगळ्यांना 'का' विचारून पोट भरणारी मी, त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरी जाऊन दोन्ही वस्तू गणपतीच्या निर्माल्याच्या पिशवीत घातल्या. राम घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या तर्पणाला यजमानांची रांगच्या रांग घेऊन बसले होते, मंत्र सांगताना मध्येमध्ये खोकत होते. सगळं शहरच खोकतंय. मी खालच्या पायरीवर वाकून पिशवी सोडली. पेन लगेच बुडालं. बाटली थोडी तरंगली, मग ती पण गेली.

परत येऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. बरं वाटल्यासारखे दिसले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

जंतू सापडत नाहीत. रक्त, थुंकी, सगळ्या तपासण्या कोऱ्या; डॉ. निहारिका. औषधाला दाद नाही, ऑक्सिजन वाढवत चाललेत.

त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. डॉक्टर उभे राहून बोलतात तोवर ठीक असतं.

"काकू, पुन्हा विचारते. सिगारेट नाही, मान्य. हुक्का? ते चार्जवालं पेन येतं, वेप, ते? काहीही, जे आत ओढलं जातं?"

माझ्या कानात कुकरची शिट्टी वाजली.

"का?"

"कारण तसं असेल तर हा न्यूमोनिया नसू शकतो. फुप्फुसाला झालेली इजा असू शकते. मग औषध वेगळं, स्टेरॉइड. पण जंतू असताना उगाच दिलं तर उलटं पडतं. म्हणून मला नेमकं माहीत पाहिजे."

"त्यांना विचारून सांगते," मी म्हटलं.

आत गेले. मधुकरांना सगळं समजलेलं होतं. सकाळी राउंडला डॉक्टर शिकाऊ मुलांना समजावत होत्या ते त्यांनी ऐकलं होतं.

"त्या म्हणत होत्या, ओढण्यानं पेशींतली जीन्स बदलतात," त्यांनी मास्क उचलला. एका वाक्याला तीन श्वास लागत होते. "माझी बिघडली असतील. पोरीच्या पोटात माझीच आहेत ना?"

"तसं नसतं हो."

"तुला काय माहीत?"

मला माहीत नव्हतं.

"मी सांगते डॉक्टरांना पेनाचं."

"नाही." माझं मनगट धरलं. हाताला जोर होता. "तू बोललीस की ते धूम्रपान झालं. कागदावर आलं. नेम मोडला. सातवा महिना लागलाय तिला, अपर्णा."

"आणि नाही बोलले तर?"

"तर वाफच होती."

मी डॉक्टरांना सांगितलं, काकांना बोलायला त्रास होतोय, उद्या सांगते. त्यांनी फाइल मिटली. "लवकर सांगा, काकू."

हे लिहिताना स्वतःला समजावते आहे की माणसाचा शब्द राखला. शेजारच्या बाकावर एक बाई पोळीभाजी खाते आहे. मलाही दिली. मी खाल्ली.

२४ सप्टेंबर, बुधवार

मधुकरांना पहाटे व्हेंटिलेटरवर घेतलं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी फोनवर कळवलं.

सकाळी मी डॉ. निहारिकांना सगळं सांगितलं. पेन, आंबा, नाव नसलेली बाटली, देवशयनी, तात्या, शिप्रा. बातमीची कॉपी वाचून दाखवावी तसं, आवाज न चढवता. त्यांनी मध्ये एकदाच लिहिणं थांबवलं, कुकरच्या शिट्टीपाशी.

"काल सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं, असं ते उत्तर होतं.

स्टेरॉइड लगेच सुरू केलं. मग मी जीन्सचं विचारलं. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर झाड काढलं, श्वासनळीच्या फांद्या. आतल्या अस्तरातल्या पेशी धुराशी रोज झुंजतात, म्हणाल्या. जनुकं तीच राहतात, पण कुठलं कामाला लागलंय आणि कुठलं गप्प बसलंय ते बदलतं. सिगारेट सोडल्यावर पुष्कळशी पूर्ववत होतात; काही वर्षानुवर्षं होत नाहीत. वाफ ओढणाऱ्यांच्या पेशींतही असे बदल दिसले आहेत, काही सिगारेटसारखे, काही वेगळेच. म्हणजे इतक्या वर्षांचं थकलेलं अस्तर, आणि त्याला विसावा मिळायचा तेव्हा हा दुसरा मारा.

"काकांना नेमकं यामुळेच झालं, असं मी छातीला हात लावून म्हणणार नाही. धोका वाढतो, इतकंच. शक्यता."

शक्यता. मी आयुष्यभर मथळ्यातून हा शब्द काढत आले.

"आणि नातवंडात?"

"फुप्फुसाच्या पेशीतला बदल बाळात कसा जाईल, काकू? आणि मानसीताई तर केव्हाच जन्मल्यात." पहिल्यांदाच हसल्या. "काकांना हीच काळजी होती? मला विचारायचं ना."

काल संध्याकाळपर्यंत ते ऐकू शकत होते. आज घशात नळी आहे आणि झोपेचं औषध चालू आहे. मी तरी कानाशी जाऊन सांगितलं. मॉनिटरवरचा आकडा हलला नाही.

डॉक्टरांना रस तपासायला पाहिजे आहे. काही बाटल्यांत तेलकट भेसळ असते, ती फुप्फुसाला फार वाईट. काय होतं ते कळलं तर पुढचा अंदाज बांधता येईल. बाटली शिप्रेत आहे. हर्षलला फोन केला.

"आई, दोन पेनं होती ना? दुसरं बघ."

"कपाटात नाही."

मग, "डॉक्टरांना माझं नाव सांगितलंस का?"

"सांगितलं."

"बरं." आणि मग रडायला लागला, चाळिशीला आलेला माझा मुलगा. उद्याच्या विमानानं निघतो म्हणाला.

टावर चौकातल्या त्या दुकानात गेले. माणूस कव्हरं पुसत होता. "आंटी, वो माल तो हम रखते ही नहीं. किसने बोला आपको?" त्याच्या मागच्या फळीवर गणपती होता, लाइटिंग अजून उतरवलेलं नव्हतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

ऑक्सिजनची गरज थोडी उतरली, डॉ. निहारिका. 'थोडी' हा त्यांचाच शब्द.

पण आज त्यांनी हर्षलला आणि मला पुढचंही सांगितलं. सूज उतरेल, पण फुप्फुसाचा काही भाग जखमेच्या व्रणासारखा कडक होऊन राहील असं स्कॅनवरून वाटतं. घरी आले तरी ऑक्सिजनचं मशीन सोबत असेल. जिना, आरती, गच्ची, हे विसरा.

"गच्चीवर तर ते आता जातच नव्हते," मी म्हटलं. हर्षल उठून बाहेर गेला.

मानसीला आम्ही न्यूमोनिया म्हणून सांगितलंय. ती फोनवर म्हणते, "बाबांना फोन दे ना, नुसतं 'पक्का आहे' म्हणू दे." घसा बसलाय त्यांचा, असं मी सांगते. ते खोटं नाही. सोमवारच्या गाडीनं यायचं म्हणते. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांभाळून प्रवास करायची परवानगी दिली आहे. मी नको म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही.

हर्षलनं घर पालथं घातलं. सोफ्याखाली, ट्रंकेत, बँकेच्या जुन्या बॅगेत. दुसरं पेन नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

उद्या सकाळी आठला नळी काढून बघणार आहेत, डॉ. निहारिकांनी संध्याकाळी पक्कं केलं. दुपारभर झोपेचं औषध कमी करत आणलं होतं. चारच्या सुमारास मधुकरांनी डोळे उघडले. मला ओळखलं. नळीमुळे बोलता येत नाही, पण भुवया वर करून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, मानसी छान आहे, येते आहे. मान आडवी हलली. म्हणजे ते विचारायचं नव्हतं.

पाचला तात्या आले. बातमी त्यांना घाटावर कुणाकडून तरी कळली. माझ्या शेजारी बाकावर टेकले, बराच वेळ छाती खालीवर होत होती.

"वहिनी, मी सांगितलं वाफ पाण्याची. मला वाटलं तसं सांगितलं."

"तुम्हाला कोण दोष देतंय, तात्या?"

"नेम मोडलेला नाही. शुद्धीवर आले की मी स्वतः सांगेन मधुकररावांना. बुद्धिपूर्वक केलं नाही त्याला दोष नाही, शास्त्रात आहे."

"डॉक्टरांच्या शास्त्रात नाही ना."

त्यांना खोकल्याची उबळ आली, उपरणं तोंडाला लावलं. उपरणं झटकलं तशी मला आंब्याच्या गोळीचा वास आला. आठ दिवस घरात आंब्याचा वास नाही, तरी माझ्या नाकातून जात नाही. मला आता कुठेही तो येतो. काल लिफ्टमध्ये आला होता, ऑफिसच्या चहातही येईल. झोप झाली की जाईल.

मी त्यांना पाणी दिलं. उद्यापासून मृत्युंजयाचा जप धरतो म्हणाले, हा खोकला जरा बसला की. "बिडी तर केव्हाच सोडलीय मी, श्रावणापासून, मधुकररावांचं बघूनच. तरी बसत नाही मेला." त्यांचा हात हातात घेऊन मी म्हटलं, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही उभे आहोत.

उद्याचं असं. आठला नळी. निघाली आणि श्वास टिकला तर दुपारपर्यंत दोन शब्द बोलू शकतील, डॉक्टर म्हणाल्या. पहिले दोन शब्द कुठले ते मला माहीत आहे: "सांगितलंस का?" हो म्हटलं तर त्यांचा नेम मी मोडला. नाही म्हटलं तर ते औषध कशानं लागू पडलं, हे मानसीसमोर कधी ना कधी निघणारच. तिची गाडी परवा सकाळी लागते. हर्षल स्टेशनवर जाईल.

तात्या सकाळी आठच्या आधी येऊन बसतो म्हणाले, त्यांच्या तोंडून ऐकलं तर मधुकरांना पटेल. जाताना लिफ्ट कुठल्या बाजूला आहे ते विचारून घेतलं. जिना आताशा चढवत नाही, म्हणाले. घाटाच्या पायऱ्यासुद्धा मध्ये बसत बसत उतरतो.